मातीतून माणूस घडविणारे कै. नानासाहेब करमरकर

स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र देत आहोत ते कै. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर आपल्या ज्ञातीचे नव्हते. तथापि ज्या समाजाचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या मातीवर चालला, त्या आपल्या समाजास हा मातीचा उपासक परका वाटण्याचे कारण नाही.

नानासाहेबांचा जन्म 1891 साली अलिबागजवळील सासवणे या गावी झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. साहजिकच मातीचा ओलावा व घट्टपणा त्यांच्या बोटांना बालपणीच उमगला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी अश्वारूढ शिवछत्रपतींचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले, काढणाऱ्या मुलाची चौकशी केली आणि त्यास मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकण्याची वाट मोकळी करून दिली. पुढे ठाकूर घराण्यातील सुरेंद्रनाथांच्या साहाय्याने ते कलकत्त्यास गेले, आणि 1920 साली अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले.

ब्राँझचा पुतळा आपण पाहतो. परंतु त्याचा जन्म मातीतच होतो. सळ्यांच्या सांगाड्यावर ओली माती चढवावयाची, ती सुकू नये म्हणून ओल्या फडक्यांनी झाकावयाची, आणि मानेचा ताण, ओठांची ठेवण, बोटांची पकड यांतून माणसाचे मन प्रकट करावयाचे. त्यावर प्लास्टरचा साचा घेतला की माती खरवडून काढतात. गणपतीच्या मूर्तीप्रमाणेच तीही आपले कार्य करून विसर्जित होते. मातीत जो भाव उमटला नाही, तो धातूत उतरत नाही.

पुण्यातील शिवस्मारकाची कोनशिला 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसविली गेली. अश्वारूढ पुतळ्याचे काम अखेर नानासाहेबांकडे आले तेव्हा हाती वेळ थोडा होता. एवढा प्रचंड पुतळा माझगाव डॉकमध्ये अखंड ओतविण्याचे धाडस त्यांनी केले. असे ओतकाम फसले तर सर्व श्रम वाया जातात. ते फसले नाही. 1928 साली पुतळ्याचे अनावरण झाले. भिंतीवरचे चित्र अशा रीतीने धातूत उभे राहिले.

कीर्ती लाभल्यावरही सासवण्याची ओढ सुटली नाही. गावची कोळीण, कष्टकरी माणसे, एवढेच नव्हे तर म्हैसही त्यांनी सिमेंटसारख्या साध्या पदार्थात सजीव केली. 1962 साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. 1967 साली ते निवर्तले. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरी शिल्पांचे संग्रहालय आहे; ज्ञातिबांधवांनी मुलाबाळांसह ते अवश्य पाहावे.

आम्ही आयुष्यभर शाळेत मुले पाहिली. भिंतीवर रेघोट्या ओढणारा, चिखलात रमणारा मुलगा दिसला की वडीलधारी मंडळी त्यास दटावतात. मातीचा धंदा नको, नोकरी हवी, हे पालकांचे म्हणणे पोटासाठी आहे. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु रॉथफील्डसाहेबांनी ती भिंत न पाहता घोडा पुढे हाकला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक घराने करावा. मुलाच्या हातात कसब दिसल्यास त्यास शिक्षणाची जोड द्यावी, आणि संघाच्या शिष्यवृत्तीत चित्र व शिल्प शिकणाऱ्यांसही स्थान असावे, एवढीच आमची विनंती आहे.