राजर्षी शाहू आणि गंगाराम कांबळे यांचे दुकान

दिनांक २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूर संस्थानाच्या राज्यकारभाराची सूत्रे एका तरुण राजाने हाती घेतली. त्याला तेव्हा विसावे वर्ष चालू होते. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले होते. देह धिप्पाड, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद मोठा. पण गरिबाच्या झोपडीपाशी घोडा थांबवून त्याची विचारपूस करण्यात त्यांना त्याहूनही अधिक गोडी वाटे.

कारभार हाती येताच आपल्या कचेऱ्यांत कोण कोण काम करतात, हे महाराजांच्या ध्यानी आले. राज्यकारभारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर एकाच, म्हणजे ब्राह्मण समाजाचे अधिकारी होते. कारकुनी स्वरूपाच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागा इतर समाजांकडे होत्या. शेतकरी, धनगर, माळी, मुसलमान, महार, मांग अशा नाना जातींची प्रजा राज्यात लाखोंनी राहत होती. परंतु कचेरीच्या उंबरठ्याच्या आत तिला जवळजवळ ठाव नव्हता.

असे का झाले असेल? लेखन-वाचनाची परंपरा मोजक्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. एक जण नोकरीस लागला, की जागा रिकामी होताच त्याचा भाऊ किंवा भाचा तेथे येई. ज्याच्या घरी अक्षरच नव्हते, त्याला अर्ज लिहावयाचेही सुचत नसे. आणि एखादा शिकलाच, तर त्याच्यासाठी शब्द टाकणारे कचेरीत कोणी नसे. नोकरी नाही म्हणून शिकावेसे वाटत नाही आणि शिक्षण नाही म्हणून नोकरी मिळत नाही, असा हा फेरा होता.

महाराजांनी तो दोन्ही बाजूंनी तोडावयास घेतला. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली. खेड्यातला मुलगा शहरात येऊन शिकेल, तर त्याला दोन वेळचे अन्न आणि निजावयास जागा हवी, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. मग १९०२ साली, सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेत असताना, २६ जुलै रोजी त्यांचा एक हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. नुसता हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी, कोणास नेमले याचा तक्ता सरकारात पाठवावा, असेही त्यात बजावले होते. आम्हांस तर हे शेवटचे कलमच फार शहाणपणाचे वाटते. हुकुमावर टीका पुष्कळ झाली; तथापि तो मागे घेतला गेला नाही.

परंतु समाजाच्या अगदी तळाशी असे लोक होते, की त्यांची अडचण कचेरीच्याही पलीकडची होती. काही जमातींना गुन्हेगार ठरवून दररोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. ज्याला रोज गावात हजर राहिलेच पाहिजे, तो परगावी कामाला जाणार कसा? आणि ज्याच्यावर असा शिक्का बसला, त्याला काम देणार तरी कोण? महार वतनाचेही तसेच होते. जमिनीच्या एका तुकड्यापायी सबंध कुटुंब गावाच्या कामाला बांधलेले असे. १९१८ मध्ये महाराजांनी ही वतने आणि ही हजेरी दोन्ही बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी स्वतःच्या पदरी पहारेकरी म्हणून नेमले.

याच सुमाराची एक हकीकत कोल्हापुरात आजही सांगतात. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत चाकरीला होते. महाराज गावी नसताना त्यांनी सवर्णांच्या हौदातील पाण्याला हात लावला, एवढ्याच कारणावरून त्यांना चाबकाने मारण्यात आले. महाराज परतल्यावर त्यांनी आपले गाऱ्हाणे घातले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले.

भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. परंतु गिऱ्हाईक मात्र फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयाचा कसा, म्हणून लोक समोरून निघून जात. ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. चाकरीची जागा हुकुमाने देता येते. पण लोकांनी अमक्याच्याच दुकानात जावे, असा हुकूम कोणता राजा काढणार?

महाराज स्वतः गेले. फिरावयास निघाले, की त्यांचा खडखडा गंगारामांच्या दुकानासमोर उभा राही. महाराज चहा मागवीत, सर्वांदेखत पीत, आणि बरोबर असलेल्या मंडळींच्या हातीही पेला देत. साक्षात छत्रपती पीत आहेत म्हटल्यावर नको कसे म्हणावे! कोणाची कागदावर सही घ्यावयाची राहिली असेल, तर त्यानेही तेथेच यावे, असा प्रघात पडला. सही झाली, की चहा ठरलेलाच. प्रथम संकोचाने तोंडाला लावलेला पेला पुढे सवयीचा झाला आणि गंगारामांचा धंदा मार्गी लागला.

दिनांक ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्यानंतर १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी.