फ्लॉरेन्सचा हिशेब

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. आमच्या कॉन्व्हेंटच्या इंग्लिश रीडरमध्येही ती अशीच होती, आणि खरं सांगायचं तर मला ती जरा बोअरच वाटायची. एम-थ्रीच्या स्टॅटिस्टिक्ससाठी लायब्ररीत पुस्तकं चाळताना तीच बाई एका विचित्र आकृतीखाली भेटली. मग मिळेल ते वाचत सुटले.

तिचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, नावही त्यावरूनच. घर श्रीमंत इंग्रजांचं. नर्सिंग हे तेव्हा चांगल्या घरच्या मुलींचं काम मानलं जात नव्हतं. बरीच वर्षं घरच्यांशी झगडल्यावर १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरचं बायकांचं एक छोटं इस्पितळ तिच्या हाती आलं. तिथे तिने काय मागावं? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचे पाईप, जेवण वर खेचून आणणारी लिफ्ट, आणि कोणत्या पेशंटने बोलावलं ते नर्सला लगेच दिसेल अशी घंटा. नर्सची पायपीट वाचली तरच ती पेशंटजवळ थांबेल, इतका साधा विचार. याला आपण इंजिनीअरिंगच म्हणतो ना?

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन ती इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. मला तिचं सगळ्यात आवडलेलं काम इथलं आहे : ती भांडली नाही. डॉक्टर सांगेपर्यंत एकाही पेशंटला हात लावायचा नाही, असं तिने आपल्या नर्सेसना बजावलं. समोर माणसं कण्हत असताना नुसतं शिवणकाम करत बसणं सोपं नसणार. काही दिवसांतच जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनी स्वतःहून मदत मागितली. मग तिने घासायचे ब्रश आणले, एक घर भाड्याने घेऊन त्यात कपडे उकळायचे बॉयलर बसवले, सैनिकांच्या बायकांना धुण्याचं काम दिलं.

तरीही माणसं मरतच राहिली. त्या एका हिवाळ्यात स्कुटारीत ४००० हून अधिक सैनिक गेले. इस्पितळाच्या खालीच तुंबलेली गटारं होती. मार्च १८५५ मध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉक्टर सदरलंड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे सिव्हिल इंजिनीअर (आमच्या ब्रँचवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!). त्यांनी गटारं साफ करवली, मेलेली जनावरं पुरली, खोल्यांत हवा खेळवली. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

१८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा देशभर तिचा जयजयकार चालू होता. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर तिने मृत्यूंचे आकडे पुन्हा मांडले. जखमांनी मेलेले थोडे, टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले कितीतरी जास्त. आणि तिचं स्वतःचं स्कुटारी त्यात सर्वात वाईट. हे तिने झाकलं नाही, उलट सरकारपुढे ठेवलं. शांततेच्या काळातही बराकीतले तरुण सैनिक त्याच वयाच्या बाहेरच्या माणसांपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही दाखवलं.

मोठे लोक तक्ते वाचत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून १८५८ मधली ती आकृती. वर्तुळाच्या बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याने सगळं कागद व्यापलेलं. आधीच्या आकृतीत तिने लांबी प्रमाणात घेतली होती. पण त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट दिसतं, म्हणून नंतर क्षेत्रफळच प्रमाणात घेतलं. तिच्या बाजूने फुगलेला आकडाही तिला चालला नाही.

त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिची नर्सिंगची शाळा निघाली. सगळं जमलं असं मात्र नाही. नेटलीच्या प्रचंड लष्करी इस्पितळाचा नकाशा चुकीचा आहे, हवा खेळणार नाही, असं ती सांगत राहिली. पण पाया घातला गेला होता, इमारत तशीच उभी राहिली. सर्व इस्पितळांनी एकसारख्या फॉर्मवर मृत्यू नोंदवावेत म्हणजे तुलना करता येईल, हा तिचा आग्रहही किचकट म्हणून मागे पडला.

ही बरीचशी कामं तिने आजारपणामुळे बिछान्यात पडून, पत्रं आणि रिपोर्ट लिहून, मंत्र्यांना घरी बोलावून केली. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करायचा सरकारचा प्रस्ताव घरच्यांनी तिच्या इच्छेनुसार नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यात घराण्याच्या थडग्यावर तिच्यासाठी फक्त एफ. एन. ही अक्षरं आणि दोन तारखा कोरल्या आहेत.