सावली काळी नसते

चाळिशी उलटल्यावर मी तैलरंग हातात घेतले. रामदासपेठेतल्या आमच्या गच्चीवरून दिसणारा कडुनिंब रंगवायला बसले. सावलीला सरळ काळा रंग फासला आणि झाडाचा पार कोळसा झाला! शिकवणाऱ्या ताईंनी काळी ट्यूबच काढून घेतली आणि आधी बेंद्र्यांची चित्रं बघून यायला सांगितलं.

नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म १९१० चा, इंदूरच्या मराठी घरातला. तिथे दत्तात्रेय देवळालीकर गुरुजींची चित्रशाळा होती. चार भिंतींत बसून चित्र काढण्यापेक्षा बाहेर पडून, समोरचं ऊन पाहत रंगवण्यावर त्यांचा भर. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, पिसारो आणि त्यांच्या बरोबरीने बर्थ मोरिसो नावाच्या बाईनेही जे चित्रांत मांडलं, तेच हे. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला प्रकाश रंगवायचा. रंग फार घोटायचे नाहीत, छोटे छोटे फटकारे शेजारी ठेवायचे, आणि सावलीत निळा-जांभळा शोधायचा.

बेंद्रे सराफ्याजवळच्या तांब्या-पितळेच्या दुकानांच्या गल्लीत चित्र काढत बसायचे. तिथेच त्यांना एक शाळकरी पोरगा भेटला, मकबूल फिदा हुसेन. दोघं बरोबर चित्रं काढू लागले. एक दिवस बेंद्रे चक्क त्याच्या घरी गेले आणि वडिलांशी बोलले. त्या काळी चित्रकार होणं म्हणजे पोटापाण्याचे वांधे. पण वडिलांनी मुंबईहून तैलरंगाच्या ट्यूब आणि कॅनव्हास मागवले! हे हुसेन यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

पुढे बेंद्र्यांनी १९३३ मध्ये मुंबईची कलापदविका घेतली. काश्मीरमध्ये नोकरी केली, अमेरिकेला जाऊन आले. १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवली. तिथे ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख असे विद्यार्थी घडले. १९६६ साली नोकरी सोडून ते मुंबईत पूर्णवेळ चित्रांत रमले. नुसत्या रंगाच्या ठिपक्यांनी चित्र उभं करायचं हे त्यांनी उतारवयातही केलं. १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

मला मात्र त्यांच्या पदकांपेक्षा हुसेनच्या घरची ती फेरी जास्त आठवते. कारण आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी फार सुंदर चित्रं काढते. बारावी झालीय. तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, वडिलांना मात्र तिचं लग्न उरकायचंय. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं म्हणून मी महिनाभर गप्प होते. बेंद्र्यांचं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. परवा संध्याकाळी गेले. चहा झाला, तिची वही पुढे ठेवली. वडिलांनी एकेक पान उलटून पाहिलं. अजून ‘हो’ म्हणाले नाहीत, पण ‘नाही’ही म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

आणि कडुनिंब? काल सकाळी आठच्या उन्हात परत रंगवला. डोळे किलकिले करून पाहिलं, तर सावलीत निळा होता, थोडा जांभळा होता, मातीचा तांबूसही होता. इतकी वर्षं त्याच गच्चीवर कपडे वाळत घालतेय, पण कधी दिसलाच नव्हता!

तुमच्याही ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. जाल ना तिच्या घरी?