सरदार पटेल आणि शेतसाऱ्याचा हिशोब

सरदार वल्लभभाई पटेल म्हटलं की मुलांना संस्थानांचं विलीनीकरण आठवतं. पण त्यांना 'सरदार' ही पदवी मिळाली ती जमिनीवरच्या कराच्या एका लढ्यामुळे, हे वर्गात फारसं सांगितलं जात नाही.

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी गुजरातमधील नडियाद येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आल्यावर अहमदाबादेत त्यांची वकिली जोरात चालू होती. १९१७-१८ च्या हंगामात खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पीक बुडालं. पीक चार आण्यांपेक्षा, म्हणजे पाव हिश्श्यापेक्षा कमी आलं तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. अधिकारी मात्र पीक त्याहून जास्त आहे असं म्हणत होते. गांधीजींसोबत वल्लभभाई गावोगाव फिरले. शेवटी सरकारने गरीब शेतकऱ्यांची वसुली थांबवली.

खरी कसोटी लागली ती दहा वर्षांनी. गुजरात तेव्हा आपल्यासारखाच मुंबई प्रांतात होता. या प्रांतात साधारण तीस वर्षांनी शेतसाऱ्याची फेरआकारणी होत असे. सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचवली. सरकारने ती २२ टक्क्यांवर आणली. शेतकरी वल्लभभाईंकडे आले. आधी त्यांनी लोकांना बजावलं, की जमीन जाईल, गुरं जातील, तयारी आहे का? मग गव्हर्नरांना पत्र लिहून निष्पक्ष चौकशी मागितली. ती नाकारली गेल्यावर १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सारा न भरण्याचा ठराव झाला.

मागणी साधी होती. एक तर जुनाच आकार घ्या, नाहीतर निष्पक्ष चौकशी करा. सरकारने जमिनी जप्त केल्या, म्हशी ओढून नेल्या. जप्तीवाले आले की घरांना कुलपं लागायची. लोक भीतीने फुटू नयेत म्हणून वल्लभभाई गावोगाव सभा घ्यायचे. याच लढ्यात लोकांनी त्यांना 'सरदार' केलं.

ऑगस्टमध्ये सरकार नमलं. चौकशी मान्य झाली, जप्त जमिनी परत मिळाल्या, राजीनामा दिलेले तलाठी पुन्हा कामावर आले. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच गावोगाव जाऊन तपासणी केली. ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ ठरवली होती ते नीट पडताळलेलेच नव्हते, असं त्यांना आढळलं. त्यांच्या मते योग्य वाढ सुमारे ६ टक्केच होती.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. १०० रुपये सारा असलेल्या शेतकऱ्याला १२२ भरायला सांगितले होते, योग्य निघाले १०६. मधले १६ रुपये म्हणजे न पडताळलेल्या आकड्यांची किंमत!

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचं निधन झालं. कर द्यायचाच नाही, असं त्यांनी बारडोलीत शिकवलं नव्हतं. आकारणी कशी केली ते विचारा आणि ती तपासून घ्या, हे शिकवलं. घरी घरपट्टीचं बिल आलं की पालकांनी मुलांसोबत बसून एवढं तरी करून पाहावं: क्षेत्रफळ किती धरलंय, दर कोणता लावलाय, सवलत मिळाली का? इतिहास आणि गणित दोन्ही एकदमच होतील.