गेटवरचं नाव आणि डिकीवरचा स्पॉयलर

डिकीवर स्पॉयलर बसवायचा का? बसवायचा तर छोटा, बदकाच्या शेपटीसारखा, की रेसिंग कारसारखा उंच विंग? आणि टायर पावसाळ्याआधी बदलायचे की दिवाळीपर्यंत रेटायचे? विश्रामबागेतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा, यातला एक तरी प्रश्न कानावर पडतोच. विचारणारा बहुतेक वेळा ‘वालचंदला’ असतो. म्हणजे वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला. आपण ते नाव इतक्या सहज घेतो, की ते एका माणसाचं नाव आहे हे विसरूनच जातो. आणि गंमत अशी, की तुमच्या स्पॉयलरच्या प्रश्नाशी त्या माणसाचा फार जवळचा संबंध आहे.

आधी प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

गाडी जोरात धावते तेव्हा छतावरून मागे घसरणारी हवा तिचा मागचा भाग किंचित वर उचलते. स्पॉयलर त्या हवेचा डाव बिघडवतो, म्हणून त्याचं नाव तसं. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १२० किलोमीटरला स्पॉयलर जेवढं काम करतो, त्याचा जेमतेम नववा हिस्सा तो ४० ला करतो. आणि सांगली-मिरज रोडवर संध्याकाळी ४० तरी कुठे मिळतो? त्यात आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान पुढच्या चाकांवर चालतात. मागचा विंग ज्या चाकांना दाबणार, ती गाडी ओढतच नाहीत. तेव्हा दिसायला भारी वाटतो म्हणून बसवा, खुशाल बसवा. पण त्यामुळे गाडी वळणावर चिकटून चालते असं मित्राला सांगू नका.

टायरचं मात्र तसं नाही. युरोपात हिवाळ्याचे टायर वेगळे मिळतात, कारण पारा साताच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं आणि पकड सुटते. म्हणून तिथे मऊ रबराचे टायर चढवतात. ते आपल्याकडे आणले तर एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर खोडरबरासारखे झिजतील. आपला खरा ऋतू पावसाळा. टायरच्या खाचा खालचं पाणी बाहेर फेकतात. खाचा उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण शहाण्याने तीनच्या आसपासच दुकान गाठावं. आणि हो, स्पोर्टी दिसावं म्हणून जितका रुंद टायर घ्याल, तितका त्याला पाणी कापायला जास्त त्रास. स्पॉयलरचे पैसे वाचवून चांगले टायर घ्या, हे माझं स्पष्ट मत.

पण कुठला स्पॉयलर आणि कुठला टायर, हा प्रश्न पडायला आधी गाडी लागते. आपल्या देशात आपली गाडी बनवता यावी म्हणून ज्याच्या आयुष्यातली जवळजवळ दहा वर्षं गेली, तो माणूस म्हणजे वालचंद हिराचंद.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं दोशी, मूळचं गुजराती, धर्माने जैन. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुलाने गादीवर बसावं, हिशेब बघावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा. वालचंद मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले खरे, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. म्हणजे ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आज प्रवेशासाठी एवढी चढाओढ असते, ते स्वतः ड्रॉपआउट! (घरी हे वाक्य आईवडिलांना वाचून दाखवू नका.)

गादीवर त्यांचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरले होते. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे घरचं भांडवल. दोघांनी भागीदारी केली आणि सुरुवातीचं काम घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेचं. हीच ती नॅरोगेज, जी पुढे १९२७ मध्ये पंढरपूरहून आपल्या मिरजेपर्यंत आली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, पंढरपूरच्या त्या छोट्या गाडीच्या आठवणी ते अजून सांगतील.

तिथून पुढे हा माणूस थांबलाच नाही. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. नाशिक जिल्ह्यात रावळगावला, इंदापूर तालुक्यात कळंबला उजाड माळावर ऊस आणि साखर कारखाने. कळंबच्या त्या वसाहतीचं पुढे वालचंदनगर झालं. लहानपणी खाल्लेली रावळगावची गोळीही त्यांच्याच घरची.

मधेच १९१९ मध्ये ते जहाजाच्या धंद्यात शिरले. नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघालं. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो यामुळे. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी मग भाड्याचे दर पाडून सिंदियाला घायकुतीला आणलं. कंपनी बुडाली नाही, पण वालचंदशेठ एक गोष्ट कायमची शिकले. धंदा कितीही चांगला चालवा, नियम दुसऱ्याच्या हातात असतील तर तुम्ही कायम पाहुणेच.

आता गाडीची गोष्ट.

१९३० च्या दशकात भारतात मोटारी नव्हत्या असं समजू नका. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डही होती. टायर तर इथेच तयार होत होते. डनलॉपचा बंगालमधला साहागंजचा कारखाना १९३६ चा. मग अडचण काय होती? अडचण ‘जोडणे’ या शब्दात होती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, पत्रा, सगळं परदेशातून पेट्यांमध्ये यायचं. इथले कामगार नटबोल्ट आवळायचे, रंग मारायचे आणि गाडी रस्त्यावर. इंजिनाचा ओतीव भाग कसा करायचा, गिअरचे दाते कसे कापायचे, हे इथल्या कुणालाच शिकायला मिळत नव्हतं.

सर विश्वेश्वरय्यांनी या विषयावर एक योजना तयार केली होती. वालचंदशेठ त्यांच्यासोबत उभे राहिले. मुंबई प्रांतात १९३७ ला बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्यांनीही पाठिंबा दिला. १९३९ मध्ये वालचंदशेठ अमेरिकेला गेले. वय वर्षं ५६. आधी फोर्डशी बोलणी केली. पण भारताच्या बाजारावर हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीचा होता आणि कारखान्याची सूत्रं भारतीयांच्याच हातात राहिली पाहिजेत, यावर वालचंदशेठ अडून बसले होते. बोलणी फिसकटली. मग क्रायस्लरकडे गेले. तिथे जमलं आणि १९४० मध्ये करार झाला.

खरा खोडा नंतर पडला. महायुद्ध सुरू झालं होतं, खेरांचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं होतं, आणि यंत्रसामग्री आणायची तर दिल्लीची परवानगी हवी होती. वालचंदशेठचं म्हणणं सरळ होतं: युद्धाला ट्रक लागतात, मग इथेच बनवू द्या. सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी मानायलाच नकार दिला. युद्ध संपेपर्यंत हजारो ट्रक अमेरिकेहून जहाजात भरून भारतात आले, पण कारखाना उभारायची यंत्रं काही येऊ दिली नाहीत. हे वाचताना मला राग आला, तुम्हालाही येईल.

आणि या सगळ्या धावपळीत त्यांनी काय केलं, तर विमानाचा कारखाना काढला! अमेरिकेहून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा विमानविक्रीतला अमेरिकन माणूस भेटला. त्या गप्पांमधून म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. १९४२ मध्ये सरकारने मालकीच विकत घेतली. विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला, त्याची पायाभरणी १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हातून झाली. तिथेच बांधलेलं ‘जलउषा’ जहाज १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढे तोही कारखाना सरकारकडे गेला. एकाच माणसाने जहाज, विमान आणि मोटार तिन्ही गोष्टींना हात घातला, हे पुस्तकात भारदस्त दिसतं. मला विचाराल तर थोडा अतिउत्साहही होता. एक काम मार्गी लागायच्या आत दुसरं सुरू, अशा माणसाबरोबर काम करणाऱ्यांची काय दमछाक होत असेल!

मोटार कंपनी अखेर १९४४ मध्ये स्थापन झाली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षं आधीच निघाली होती, म्हणजे पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच. १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पण त्या कशा? पेट्यांतून आलेले भाग जोडूनच. ज्याच्याविरुद्ध एवढं भांडण केलं, सुरुवात त्यानेच करावी लागली. एकेक भाग इथे बनवायला शिकत जायचं, हा लांबचा रस्ता होता.

तो रस्ता त्यांना चालायला मिळाला नाही. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. कारभार भावांकडे गेला, पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आता तारखा बघा. त्याच १९५३ मध्ये भारत सरकारने टॅरिफ कमिशनची शिफारस मान्य केली: ज्यांच्याकडे गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहायचं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळायचा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली. वालचंदशेठ ज्यासाठी भांडले तो नियम झाला, पण तेव्हा ते नव्हते.

विश्रामबागेतल्या कॉलेजचंही तसंच. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं होतं. १९५५ मध्ये वालचंद परिवाराच्या देणगीनंतर त्याला वालचंदांचं नाव मिळालं. म्हणजे आपण ज्या कॉलेजला ‘वालचंदचं’ म्हणतो, ते त्यांनी काढलं नव्हतं. धोंडूमामांचं नाव मात्र तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?

प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाटचा हात धरला आणि गाडीचे भाग हळूहळू इथेच होऊ लागले. फियाट ११०० आली, तिची नवी आवृत्ती १९६४ च्या सुमारास, आणि १९७४ मध्ये तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि मागच्या दिव्यांच्या वर माशाच्या कल्ल्यासारखे दोन छोटे उंचवटे. अमेरिकेतल्या फॅशनची ती उरलीसुरली खूण. हवेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणजे नुसतं दिसण्यासाठी मागे काहीतरी लावायची हौस तुमच्या पिढीने शोधलेली नाही.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी कंपन्या गेल्या, स्पर्धा संपली, आणि ग्राहकाला वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं लागलं. १९६४ ची गाडी थोड्याफार फरकाने २००० पर्यंत विकली गेली. कंपनी काही नवं देत नाही म्हटल्यावर लोकच गाडी बदलायला लागले. कुणी मागच्या काचेला जाळी लावली, कुणी व्हीलकॅप, कुणी रुंद टायर. हौशी लोकांनी इंजिन उघडून कार्ब्युरेटर बदलले आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत फियाट पळवल्या. गाडी सजवायचं आणि सुधारायचं वेड आपल्याकडे वाढलं ते असं, दुसरा पर्यायच नव्हता म्हणून. १९८३ ला मारुती आली आणि चित्र पालटलं.

मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली.

तुमच्या वाड्यात, मामाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी अजून असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती मागच्या चाकांवर चालते. त्यामुळे मागचा विंग निदान योग्य चाकांवर तरी बसेल. गाडी तेवढी पळेल का, हा भाग वेगळा. दुसरी, बाहेर काढण्याआधी टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले आहेत का ते शोधा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे: २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसोत, एवढं जुनं रबर आतून कडक झालेलं असतं आणि पहिल्याच पावसात घसरतं. आधी टायर बदला, मगच किल्ली फिरवा.