दामोदर धर्मानंद कोसंबी : व्यासंग आणि पद्धती

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांत निरनिराळ्या कारणांनी घेतले जाते. इतिहास विभागात ते मार्क्सवादी इतिहासलेखनाचे प्रवर्तक, संस्कृत विभागात भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक, गणित विभागात पथभूमितीवर काम केलेले गणिती आणि कृषिविद्यापीठातील आनुवंशिकीच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एका सूत्राचे कर्ते. या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे चौघे एकच आहेत याची कल्पना नसते. कोसंबींविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात ‘बहुश्रुत’, ‘अष्टपैलू’, ‘चतुरस्र’ ही विशेषणे हटकून येतात. ती चुकीची नाहीत. पण त्यांतून असा समज होतो की, या गृहस्थाने आयुष्यात अनेक छंद जोपासले. त्यांच्या चरित्राचा क्रम पाहिला तर वेगळेच काही दिसते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास केलेल्या या पंडिताचे ‘निवेदन’ मराठी आत्मचरित्रवाङ्मयात मानाचे स्थान मिळवून आहे. धर्मानंद १९१० मध्ये प्रथम अमेरिकेत हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामासाठी. पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले आणि १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत नेले. पुण्यातील शाळेतून हा मुलगा एकदम मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत गेला. मधला काही काळ भारतात काढून १९२६ मध्ये त्याने हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. जॉर्ज बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणितज्ञांशी त्याचा परिचय झाला तो याच काळात. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषाही त्याने आत्मसात केल्या.

पदवीनंतर कोसंबी भारतात परतले. प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात आणि मग आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून अलीगढला त्यांनी अध्यापन केले. अलीगढच्या वास्तव्यातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वेल यांच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ‘बुर्बाकी’ नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार केला होता. असा गणितज्ञ कधी अस्तित्वातच नव्हता. एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी केलेली ती थट्टा होती. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांचे फ्रेंच सहकारी याच नावाने सामूहिक लेखन करू लागले आणि विसाव्या शतकातील गणिताला त्या लेखनाने नवे वळण दिले. गणिताच्या शोधनिबंधात हे नाव पहिल्यांदा छापले गेले ते कोसंबींच्या लेखणीतून. एरवी रुक्ष आणि तापट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही नोंद असावी, याचे बरे वाटते.

१९३१ मध्येच नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लवकरच ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि पुण्याचे झाले. १९३३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पथभूमितीवरील लेखनाची दखल एली कार्तां यांनी घेतली, नंतर एस. एस. चर्न यांनी तो विचार पुढे नेला. या उपपत्तीला आजही तिघांच्या नावाने ओळखले जाते. येथवरचा क्रम एखाद्या यशस्वी गणितज्ञाच्या चरित्रासारखा सरळ आहे. वळण लागले ते पुढे, आणि ते संख्याशास्त्रामुळे लागले.

संख्याशास्त्र शिकायचे तर काही तरी मोजले पाहिजे, या साध्या भूमिकेतून कोसंबी आहत नाण्यांकडे वळले. चांदीची ही प्राचीन नाणी इतिहासकारांना कोड्यात टाकणारी आहेत. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, सन नाही. आहेत ती केवळ ठशांनी उमटवलेली चिन्हे. त्या चिन्हांचा अर्थ लावण्यात विद्वान गुंतलेले असताना कोसंबींनी नाण्यांचे वजन पाहिले. त्यामागचा विचार असा : हातोहाती फिरणारे नाणे झिजते. जितका काळ ते चलनात राहील तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते. हे अनुमान तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणी हजारोंच्या संख्येने तराजूवर घातली आणि झीज खरोखरच नियमाने होते हे आधी सिद्ध केले. मगच तक्षशिलेच्या संचयांकडे ते गेले. तेथे त्यांना असे आढळले की, नाण्याच्या मागील बाजूवरील चिन्हांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन कमी होत जाते. याचा अर्थ ही चिन्हे ठरावीक कालांतराने नाणे पारखून उमटवलेली असली पाहिजेत. मागील बाजूवरील खुणा म्हणजे व्यापाऱ्यांच्या पारखीचा पुरावा ठरला. नाण्यांचा संबंध विशिष्ट मगध राजांशी जोडण्याची त्यांची पुढची मांडणी सर्वमान्य झाली नाही. परंतु ज्या वस्तूवर कालाचा उल्लेखच नाही तिच्याकडून कालक्रम वदवून घेण्याची ही रीत भारतीय नाणकशास्त्राला नवी होती.

हीच दृष्टी त्यांनी पोथ्यांकडे वळवली. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. सुखठणकरांचे मूळ शिक्षणही केंब्रिज विद्यापीठात गणिताचेच झाले होते, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पाठचिकित्सेच्या कामात पोथ्यांची कुळे लावावी लागतात. एका पाठापासून दुसरा कसा ढळला हे पाहावे लागते. हा विचलनाचाच अभ्यास आहे. कोसंबींनी भर्तृहरीची शतके घेतली. मराठी वाचकाला वामन पंडितांमुळे नीतिशतक परिचित आहे आणि शतक म्हणजे शंभर श्लोक हे तो गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात देशभरातील पोथ्यांत श्लोकांचा नुसता गोंधळ होता. साडेतीनशेहून अधिक पोथ्यांचा धांडोळा घेऊन कोसंबींनी १९४८ मध्ये जी आवृत्ती सिद्ध केली तिच्यात एकूण ८५२ श्लोक तीन गटांत विभागलेले आहेत. बहुतेक सर्व परंपरांना समान असलेले पहिले २००. काही परंपरांतच आढळणारे, म्हणून संशयास्पद, २०१ ते ३५२. आणि तुरळक पोथ्यांत येणारे उरलेले ५००. भर्तृहरीच्या नावावर चालत आलेल्या काव्याचा केवढा भाग नंतरचा आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसावे अशी ही मांडणी आहे. ती मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना अर्पण केलेली आहे. सिंघी जैन ग्रंथमालेत अशी अर्पणपत्रिका छापली गेली हे संपादकांच्या औदार्याचे द्योतक मानावे लागेल.

या संपादकाला आपला कवी फारसा आवडत नव्हता, हे मात्र नमूद केले पाहिजे. भर्तृहरीचे वैराग्य त्यांना आश्रयदात्यावर अवलंबून असलेल्या, परंतु त्या अवलंबनाने दुखावलेल्या वर्गाचे वैराग्य वाटले. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’च्या वेळी हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वा. वि. गोखले यांच्यासह सिद्ध केलेली ही आवृत्ती १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेचा ४२ वा खंड म्हणून निघाली. त्या मालेचा ४१ वा खंड १९५० मध्ये निघालेला ‘विसुद्धिमग्ग’, म्हणजे धर्मानंदांच्या परिश्रमांचे फळ. ते पाहण्यास धर्मानंद मात्र हयात नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता. कोसंबींच्या प्रस्तावनेतील वर्गविश्लेषण मालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना मान्य नव्हते. त्यांनी आपला मतभेद नोंदवला आणि प्रस्तावना जशीच्या तशी छापली. काव्याच्या आस्वादाच्या दृष्टीने पाहिले तर इंगल्स यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. कोसंबींच्या हाती श्लोक हे साक्षीपुराव्याचे साधन होते आणि साक्षीदाराकडून सौंदर्याची अपेक्षा कोणी करीत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची ही मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मात्र ज्या संहितेवर उभे राहून आपण ती सांगतो ती संहिता त्यांनीच शुद्ध करून दिलेली आहे, हेही तेवढेच खरे.

नाणी आणि पोथ्या यांच्या जोडीनेच १९४३-४४ च्या आसपास त्यांनी दोन लहान निबंध लिहिले. पहिला फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरचा. त्यातील कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. दुसरा निबंध आनुवंशिकीचा. गुणसूत्रावरील दोन जनुके किती अंतरावर आहेत हे संकरातून दिसणाऱ्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढावे लागते. पण एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्यास अडथळा येतो. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा विचारात घेतलेला नव्हता. कोसंबींनी तो घेतला आणि अंतर वाढेल तसा तो कमी होत जातो असे गृहीत धरून सूत्र बांधले. भात असो की गहू, जनुकांचे नकाशे करताना ते सूत्र आजही वापरले जाते. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता केलेले हे काम त्यांच्या सर्व लेखनात कदाचित सर्वाधिक वापरले गेले आहे.

१९४५ मध्ये फर्ग्युसनमधील नोकरी संपली. होमी भाभा यांनी त्यांना मुंबईस नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. घर पुण्यातच राहिले आणि दख्खनच्या राणीने ये-जा सुरू झाली. इतिहासावरील त्यांचे मोठे लेखन यानंतरच्या काळातले : १९५६ मधील भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना, १९६२ मधील पुराणकथांवरील निबंध, १९६५ मधील प्राचीन संस्कृतीची रूपरेषा. उत्पादनाची साधने आणि संबंध यांच्या क्रमविकासाचा वृत्तांत म्हणजे इतिहास, ही त्यांची भूमिका मार्क्सवादी खरी. परंतु श्रीपाद अमृत डांगे यांच्या आदिम साम्यवादावरील पुस्तकाचा त्यांनी १९४९ मध्ये जो कठोर समाचार घेतला तो पाहता पक्षीय शिस्तीत ते मावणारे नव्हते. मार्क्सची वाक्ये भारतावर लादण्यापेक्षा भारताच्या भूमीवर चालत जाणे त्यांना आवश्यक वाटे. आणि ते खरोखर चालले. पुण्याच्या टेकड्यांवर त्यांनी सूक्ष्मास्त्रे वेचली, कार्ल्याच्या लेण्यांतील लेख वाचले, म्हसोबा आणि देवी यांचा कोठे विवाह होतो आणि कोठे देवी त्याचाच वध करते याची गावोगाव चौकशी केली. पंढरीच्या वाटेवर सापडणाऱ्या अश्महत्यारांवरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, वारीचा मार्ग हा मुळात पावसामागे कळप घेऊन हिंडणाऱ्या प्रागैतिहासिक पशुपालकांचा मार्ग आहे. संतसाहित्याच्या अभ्यासकांनी हे प्रतिपादन स्वीकारावेच असे नाही. पण त्याची दखल न घेता विठ्ठलाच्या उगमाविषयी लिहिणे आता कठीण आहे.

ज्या सवयीने हे सारे दिले तिनेच त्यांचा घातही केला. अनेक नमुने घ्यावेत, त्यांतील विचलन मोजावे आणि नियम शोधावा ही रीत त्यांनी मूळ संख्यांना लावली आणि १९५९ मध्ये रीमान यांचे सुप्रसिद्ध अनुमान आपण सिद्ध केल्याचा दावा कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. संभाव्यतेच्या युक्तिवादाने निश्चित विधान सिद्ध होत नाही, हा आक्षेप गणितज्ञांनी घेतला आणि तो रास्त होता. नाणी झिजतात, पोथ्या ढळतात. मूळ संख्या मात्र जेथे आहेत तेथेच असतात. या काळातील काही निबंध त्यांनी ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने छापले, त्यानेही संशय वाढला. अणुऊर्जेऐवजी सौर ऊर्जेचा पुरस्कार आणि जागतिक शांतता चळवळीतील सहभाग यांमुळे भाभांशी अंतर पडलेच होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या सेवेचे नूतनीकरण केले नाही. दोष केवळ संस्थेचा होता असे म्हणता येत नाही, आणि केवळ त्या एका निबंधाचा होता असेही नाही. तरी पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, मूळ संख्यांच्या नमुनावितरणावरील त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. रेल्वेप्रवास संपला, टेकडी जवळ आली. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास महिना उरला होता. इतिहास आणि भारतविद्येवरील त्यांचे विखुरलेले निबंध २००२ मध्ये ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी एकत्र केले. गणित आणि संख्याशास्त्रावरील निवडक लेखन ग्रंथरूपाने आले ते थेट २०१६ मध्ये, रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली. ते दोन वेगळ्या ग्रंथांत, वेगळ्या वाचकांसाठी निघाले आहे.