सगळ्यांची लॅब उभी करणारा डॉक्टर

प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपमागे चौघं-पाच जण रांगेत उभे असलात, की तुमची चिडचिड होते ना? प्रत्येकाला आपापला का देत नाहीत, असं वाटतं. पण विज्ञानातली काही साधनं एकट्याची असूच शकत नाहीत. ती महाग असतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे आणि ते समजून घ्यायचं, तर डॉ. वसंत रामजी खानोलकर या माणसाला भेटायला हवं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रयोगशाळांच्या इमारतीचं नाव आहे ‘खानोलकर शोधिका’. तेच हे खानोलकर.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, क्वेट्टा शहरातला. हे शहर आज पाकिस्तानात आहे. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केलं. परत येऊन मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आणि पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पेशंटला सहसा कधीच न दिसणारा डॉक्टर. गाठीचा तुकडा त्याच्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंग द्यायचा आणि काचेच्या स्लाइडवर बघून सांगायचं, की हा कॅन्सर आहे का. समोर माणूस नसतो, पण त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या उत्तरावर ठरतं.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. भारतात कॅन्सर फारसा होत नाही, असा समज त्या काळात डॉक्टरांमध्येही होता. खानोलकरांच्या टेबलावर येणाऱ्या स्लाइड्स वेगळंच सांगत होत्या. कॅन्सर होता, फक्त तो पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखा नव्हता. आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा जास्त दिसत होता. का?

१९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक पेपर लिहिला. विषय होता लोकांच्या सवयी आणि कॅन्सर. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधलं, की तिथली कातडी सतत घासली जाते आणि कुणाकुणाला नेमका तिथेच कॅन्सर होतो, हे त्यात होतं. खैनीचंही होतं. तंबाखूत चुना मळून तो बार खालच्या ओठाच्या आत धरून ठेवायची सवय आणि त्याच जागी होणारा कॅन्सर, यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. तुमच्या कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर जे मळलं जातं ना, त्याबद्दलच बोलतोय आपण.

पण अशा चार केसेस दिसल्या म्हणजे काही सिद्ध होत नाही. त्यासाठी आकडेमोड करणारा माणूस लागतो. पेशी शरीराबाहेर वाढवून पाहायच्या, तर ते तंत्र येणारा लागतो. उंदरांवर प्रयोग करायचे, तर उंदीर लागतात, तेही कसले? सख्ख्या भावंडांचा संकर सलग वीस पिढ्या केला, की कुठे सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारखे होतात. यात पाच-सहा वर्षं सहज जातात. आता सांगा, पीएचडीचा एक विद्यार्थी हे एकट्याने कधी करणार आणि मग प्रयोग कधी करणार? हेच ते दुसरं कारण. सामायिक सोयीत पैसे वाटून घेतले जातातच, पण त्याहून जास्त वाटून घेतले जातात आधीच्या लोकांचे कष्ट आणि वर्षं.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक. त्यांनी जमवलेली माणसं बघा. पुण्याच्या कमल रणदिवे यांची एमएस्सी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर होती. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन इथे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा विभाग उभा केला. उंदरांची ‘आयसीआरसी’ ही जात याच संस्थेत तयार झाली. म्हणजे स्लाइड, पेशी, उंदीर, सूक्ष्मदर्शक सगळं एका छपराखाली आणि शेजारी हॉस्पिटल.

याचा उपयोग काय झाला? दोनच उदाहरणं देते. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी टाटा मेमोरियलमधल्या पेशंटच्या तंबाखूच्या सवयींचा हिशेब मांडला आणि १९५५ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. विषय होता तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर. पहिल्या पेपरमधल्या शंकेमागे आता आकडे उभे होते.

दुसरं उदाहरण तर कॅन्सरचं नाहीच. खानोलकरांनी कुष्ठरोगावरही बरंच काम केलं होतं. त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही, ही जगभरातल्या संशोधकांची डोकेदुखी होती. कॅन्सरसाठी घडवलेलं टिश्यू कल्चरचं कौशल्य इथे कामाला आलं. १९५८ मध्ये सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेला एक जंतू वाढवून दाखवला. तो खरंच कुष्ठरोगाचा जंतू आहे का, यावर पुढे वाद झाला. पण या ‘आयसीआरसी बॅसिलस’पासून नंतर कुष्ठरोगावरची लस बनवण्याचं कामही याच संस्थेत झालं. लॅबचं दार एकाच आजारापुरतं उघडं ठेवलं असतं, तर हे घडलं असतं का?

खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला खानोलकर गेले. २००२ मध्ये संशोधन संस्था परळहून खारघरला आली.

आज तिथे फ्लो सायटोमेट्री आहे, म्हणजे हजारो पेशी लेझरसमोरून एकेक करून सोडायच्या आणि मोजायच्या. डीएनए सिक्वेन्सिंग आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, प्रयोगांसाठीचे उंदीर आहेत. ही यंत्रं कुणा एका प्राध्यापकाची नाहीत. संशोधक आपलं सॅम्पल आणतो, यंत्र जाणणारा माणूस ते चालवतो आणि निकाल हाती येतो. इथे पीएचडीही करता येते. त्यामुळे तुम्ही झूलॉजीला असा, स्टॅटिस्टिक्सला असा किंवा बॉटनीला, आपल्या विषयाचा कॅन्सरशी काय संबंध, असं वाटलं तर रणदिवे आणि त्यांची सीताफळं आठवा.

आणि एक गोष्ट यंत्रांच्या कुठल्याच यादीत नसते. खानोलकरांच्या स्लाइडवरचा प्रत्येक काप कुणाच्या तरी जिभेचा, गालाचा, ओठाचा होता. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यातल्या कित्येकांना स्वतःला या संशोधनाचा काहीच उपयोग झाला नसेल. पण तंबाखू-चुन्याचा बार ओठाखाली धरला की पुढे काय होऊ शकतं, हे आज आपल्याला त्यांच्यामुळे माहीत आहे. टपरीवर तुमचा मित्र तळहातावर तंबाखू मळायला लागला, तर एवढं त्याला सांगा.